तिसऱ्या हाकेला

१

वल्लरीचा अर्धा जन्म लोकांना "एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघा" हे सांगण्यात गेला होता. हूफडॉर्प या डच गावातल्या एका कंपनीत ती हार्डवेअर सपोर्टला होती. बिघडलेल्या यंत्रांपेक्षा वैतागलेली माणसंच जास्त दुरुस्त करावी लागतात, असं ती म्हणायची. स्वतःच्या घरातलं काही बिघडलं की मात्र तिचा सगळा शहाणपणा पाच मिनिटांत संपायचा, आणि ती इतरांइतकीच चिडायची.

बुधवार होता. बुधवारी इथल्या शाळा साडेबारालाच सुटतात, म्हणून त्या दिवशी ती घरून काम करायची. नीउ-व्हेनेपमधलं तिचं घर आजूबाजूच्या घरांसारखंच रांगेतलं, अरुंद आणि उंच. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या, त्यावर माळा, आणि हे सगळं जोडणारा शिडीसारखा उभा जिना. आठ वर्षांची गुंजन वरण-भात खाऊन वर आपल्या खोलीत गेली होती. सकाळी शाळेत कातरकाम करताना तिचा अंगठा कापला होता. बाईंनी त्यावर जिराफांची चित्रं असलेली पट्टी लावून दिली होती, आणि जखमेपेक्षा त्या जिराफांचंच कौतुक घरात चाललं होतं.

वल्लरीपुढं टेबलावर तिचा लॅपटॉप होता, शेजारी एक जुना, चपटा डीव्हीडी ड्राइव्ह, आणि त्या ड्राइव्हच्या पोटात एक डिस्क. ड्राइव्ह तिनं कालच क्रिंगलोपमधून, म्हणजे गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणला होता, कारण हल्लीच्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नसते. डिस्कवर चिपळूणच्या फोटो स्टुडिओवाल्यानं लाल शाईनं लिहिलं होतं, 'बारसे'. गुंजनचं बारसं. वल्लरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि बारसं तिथंच झालं होतं.

पण तिला आत्ता बारसं बघायचं नव्हतं. तिला आईचा आवाज ऐकायचा होता. आईला जाऊन रविवारी वर्ष होत होतं. दहा वर्षं ती रोज आईशी फोनवर बोलली, पण रोजचं बोलणं कोण जपून ठेवतं? बाकी जे काही होतं, कॅसेटी, अल्बम, ते पुराचं पाणी माहेरच्या घरात शिरलं तेव्हा चिखलात गेलं. तिचा दादा, अरुण, चिपळूणला रविवारी वर्षश्राद्ध करणार होता. इथं ती चार घरच्या लोकांना जेवायला बोलावणार होती आणि आईच्या फोटोपुढं ही डिस्क लावणार होती. आईचा हलता-बोलता तुकडा जगात एवढाच उरला होता.

ड्राइव्हचा हिरवा दिवा लागला. आत डिस्क गरगरली, अडखळली, पुन्हा गरगरली. लॅपटॉपवर मात्र काहीच नाही. यादीत ड्राइव्हचं नाव नव्हतं. लॅपटॉपच्या लेखी तिथं कुणी नव्हतंच.

"असं करतोस काय," वल्लरी म्हणाली, आणि तिनं तेच केलं जे ती दिवसातून दहा लोकांना करायला सांगायची. डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि 'स्कॅन' दाबलं.

या बटणाचा अर्थ ती नव्या पोरांना सोपा करून सांगायची: संगणक आपल्या एकेका दाराशी, म्हणजे पोर्टशी, जाऊन हाक मारतो, आहे का कुणी? जो ओ देईल त्याचं नाव यादीत जातं.

ड्राइव्हनं ओ दिली नाही. पण वरून, जिन्याच्या टोकाकडून, गुंजनचा आवाज आला.

"या, आई?"

'या' म्हणजे डचमधलं 'हो'. गुंजनला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र डचमध्ये नाहीतर इंग्रजीत यायचं. सगळ्या भाषेतले 'आई' आणि 'बाबा' एवढेच शब्द तिनं ठेवून घेतले होते.

"काही नाही गं," वल्लरी म्हणाली. "मी नाही बोलावलं."

२

तिनं केबल बदलली. या चपट्या ड्राइव्हना एका दारातून पुरेशी वीज मिळत नाही, म्हणून दोन शेपट्यांची केबल लावली. पुन्हा स्कॅन दाबलं.

"या, आई?"

लॅपटॉप बंद करून चालू केला. जुना ड्रायव्हर काढला, नवा घातला. रजिस्ट्रीत, म्हणजे संगणकाच्या आतल्या नोंदवहीत, जाऊन फिल्टरच्या दोन जुन्या नोंदी उडवल्या. सीडी ड्राइव्ह सापडेनासा झाला की नेहमी याच दोघी गुन्हेगार निघतात. दर वेळी तिनं स्कॅन दाबलं, आणि दर वेळी वरून तोच प्रश्न आला. पाचव्या वेळी तो वैतागून आला. मग जिन्यावर पावलं वाजली आणि गुंजन दारात उभी राहिली.

"व्हाय डू यू कॉल मी अँड देन से नथिंग?"

"मी हाकच मारली नाही, बाळा."

"यू डिड. फाइव्ह टाइम्स."

"काय म्हटलं मी?"

"गुंजन." तिनं खांदे उडवले. "जस्ट 'गुंजन'. वन्स. देन यू स्टॉप."

वल्लरी हसली, पण ते हसणं तिला मनापासून आलं नाही. 'वन्स' हा शब्द तिला खटकला.

तिच्या माहेरी एका हाकेला ओ द्यायची पद्धत नव्हती. दुपारी सामसूम असताना किंवा तिन्हीसांजेला कुणी नाव घेतलं तर गप्प राहायचं. दुसऱ्यांदा घेतलं तरी गप्प. तिसऱ्यांदा घेतलं तर आपलं माणूस, मग ओ द्यायची. का, असं विचारलं तर आई म्हणायची, "आपल्या माणसाला आपली गरज असते, ते पुन्हा हाक मारतं." आणि ती स्वतः कधीही, अगदी भर सकाळी चहाला बोलावतानासुद्धा, तीनदाच हाक मारायची. वल्ली. मग थांबायची. वल्ली. मग पुन्हा थांबायची. तिसरी हाक शेवटाला लांब जायची, आणि ती ऐकली की वल्लरीच्या तोंडून ओ आपोआप निघायची, झोपेत असली तरी.

हे खूळ तिनं मुद्दाम या घरात आणलं नव्हतं. इथल्या शाळेत तर बाईंनी नाव घेतल्याबरोबर उत्तर द्यायला शिकवतात.

"जा, खेळ," ती म्हणाली. "आता नाही त्रास देत."

गुंजन परत वर गेली. जिना अंधारा होता म्हणून शिरीषनं, वल्लरीच्या नवऱ्यानं, त्यावर बॅटरीचे तीन दिवे चिकटवले होते, खाली एक, मध्ये एक, वर एक. समोरून माणूस गेलं की ते आपोआप लागायचे. गुंजन अंधारातच वर चढून गेली. तिन्हींतला एकही दिवा लागला नाही.

बॅटरी संपली असेल. वल्लरी उठली, जिन्यापाशी गेली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दिवा लख्ख लागला.

पोर बुटकी आहे, तिनं स्वतःला समजावलं. दिव्याला दिसली नसेल.

३

गुरुवारी शाळेतून येताना दोघी सुपरमार्केटला थांबल्या. गुंजन नेहमीसारखी पुढं पळाली आणि काचेच्या सरकत्या दारापुढं जाऊन उभी राहिली. दार उघडलं नाही. तिनं हात हलवले, उड्या मारल्या, मग दारावर नाक दाबून ती मागं बघून हसली. आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले तेव्हा दार उघडलं. ते गुंजनच्या अंगावरूनच आले असते, तिनंच पटकन अंग चोरलं. म्हाताऱ्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही.

इथली माणसं कधी असं करत नाहीत. वाटेत कुत्रं आलं तरी त्याची माफी मागतात.

घरी येईपर्यंत फोनवर शाळेचा संदेश येऊन पडला होता: गुंजन आज न कळवता गैरहजर, कृपया कारण कळवा. वल्लरीनं तिथंच दारापुढच्या फूटपाथवर उभं राहून शाळेला फोन लावला. गुंजनच्या बाईंना, जुफ आन्केंना, ओशाळल्यासारखं झालं. गुंजन दिवसभर वर्गात होती, अर्थात होती, तिच्या वहीत आजचं गणित आहे. हजेरी घेताना आपलीच नजर चुकली असेल, त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "दोनदा चुकली."

रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं शिरीषला फोन केला. तो आर्नहेमच्या एका वीज कंपनीत होता आणि मंगळवार ते शुक्रवार तिथंच खोली घेऊन राहायचा. तिनं त्याला सगळं सांगितलं, दिवे, दार, हजेरी. सांगताना तिचं तिलाच ते हास्यास्पद वाटायला लागलं.

"वल्लरी, सेन्सर खराब असतात गं. मीच आणलेत ना, स्वस्तातले."

"सुपरमार्केटचं दार पण तूच बसवलंस का?"

"बरं, ते राहू दे. आईंचं वर्ष आलंय, तू चार दिवस धड झोपली नाहीयेस. ती डीव्हीडी लागली की तुला बरं वाटेल. रजिस्ट्रीत फिल्टरच्या नोंदी असतात, त्या उडवून बघ..."

"काल उडवल्या. मला नको शिकवूस."

तो हसला. त्याचं हसणं ऐकून तिचा जीव थोडा खाली बसला. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत येतो, म्हणाला. गुंजनला दे जरा. तिनं फोन गुंजनच्या कानाला लावला.

"हाय, बाबा," गुंजन म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. मग तिनं फोन आईकडं दिला. "ही कान्ट हिअर मी."

"हॅलो? हॅलो?" शिरीष पलीकडून म्हणत होता. "दे ना तिला. झोपली की काय?"

४

शुक्रवारी सकाळी गुंजनला शाळेत सोडून वल्लरी घरी आली. आज काम घरून करते, असं तिनं ऑफिसला कळवलं होतं. घरात ती एकटी होती, अकरा वाजले होते, बाहेर नोव्हेंबरचं करडं आभाळ छपरांपर्यंत उतरलं होतं. तिनं ठरवलं की आता नीट, डोकं ठिकाणावर ठेवून, खात्याच्या पद्धतीनं बघायचं. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. तर आज गुंजन घरात नाही. बाकी सगळं तेच.

ड्राइव्ह जोडला. हिरवा दिवा. गरगर, अडखळ, गरगर. तिनं स्कॅन दाबलं आणि जिन्याकडं कान देऊन बसली.

काही नाही. माळ्यावरच्या बॉयलरची घरघर तेवढी. यादीतही काही नाही. तिचा जीव भांड्यात पडला. स्वतःला दोन शिव्या घालून ती चहा ठेवायला उठली.

चहाला उकळी यायच्या आत फोन वाजला. जुफ आन्के. घाबरण्यासारखं काही नाही, पण सांगावंसं वाटलं, त्या म्हणाल्या. आत्ता वर्गात सगळे शांत वाचत बसले होते. गुंजन एकदम उठून उभी राहिली, दाराकडं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "या, आई?" मुलं हसली. ती मात्र दाराकडंच बघत राहिली. तिला वाटलं, आई न्यायला आलीये. घरी सगळं ठीक आहे ना?

"कधी?" वल्लरीनं विचारलं. "नक्की किती वाजता?"

आत्ताच, पाचेक मिनिटं झाली.

वल्लरीनं चहा तसाच टाकला. बैठकीत जाऊन ड्राइव्हची केबल खसकन उपटली. दिवा विझला. तो तिनं पेपरात गुंडाळला, पिशवीत घातला, आणि पिशवी बाहेरच्या दाराजवळच्या विजेच्या मीटरच्या कपाटात खोल ढकलून कपाट लावून घेतलं. ती घाबरली होती, आणि आता ते स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता.

एकच गोष्ट तिला राहून राहून आठवत होती. आईचा आवाज असता तर गोष्ट निराळी होती. मेलेल्या आईनं नातीला हाक मारली, एवढं तर तिनं कसंबसं गिळलं असतं. पण आईनं तीनदा मारली असती.

५

गुंजनला आणायला ती वेळेच्या आधीच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि घरी येईपर्यंत तिनं तिचा हात सोडला नाही. जिराफाची पट्टी आता कडेनं मळली होती, तळव्याला जराशी चिकटत होती. घरी तिनं सगळे दिवे लावले, गुंजनला दूध दिलं आणि सोफ्यावर जवळ घेऊन बसवलं. साडेचार होत आले होते. खिडकीबाहेर अंधारायला लागलं होतं.

"नीट ऐक," ती म्हणाली. "आजीचा एक नियम होता. तो मी तुला कधी सांगितला नाही, चूक केली. कुणीही हाक मारली ना, तर लगेच ओ द्यायची नाही. एकदा मारली, गप्प. दुसऱ्यांदा मारली तरी गप्प. तिसऱ्यांदा मारली तरच आपलं माणूस. मगच बोलायचं. कळलं?"

"इव्हन यू?"

"मी असले तरी. मी तीनदा मारीन. आजीसारखी."

"अँड इफ समवन एल्स आल्सो डज थ्री?"

वल्लरी काही बोलायच्या आत टेबलावरच्या बंद लॅपटॉपमधून टिंग-टाँग असा आवाज आला. नवं काही जोडलं गेलं की येतो, तो.

तिनं उठून झाकण उघडलं. बाजूच्या दारांत काही नव्हतं, एकही केबल नव्हती. पण यादीत नाव आलं होतं. ड्राइव्ह सापडला होता. त्याच्यापुढं डिस्कचं नाव होतं, 'बारसे', आणि चित्रफीत आपणहून सुरू झाली.

बंद करायला तिचा हात पुढं गेला आणि तिथंच राहिला. कारण पडद्यावर चिपळूणची ओटी होती, फुलांच्या माळा लावलेला पाळणा होता, आणि हिरव्या इरकलीतली आई होती. जिवंत, घामेजलेली, कुणाला तरी पाट आणायला सांगत होती. वर्षभरानं आईचा आवाज कानावर पडला. वल्लरीच्या डोळ्यांना धार लागली. ती खुर्चीत बसली.

बायका पाळण्याभोवती जमल्या. आत्यानं वाकून नाव सांगितलं, सगळ्याजणी हसल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. मग स्टुडिओवाल्यानं कॅमेरा पाळण्यावर नेला.

पाळण्यात घडी घातलेली दुपटी होती. लाल टोपडं होतं. मूल नव्हतं.

बायका त्या रिकाम्या पाळण्यात बघून बोटं हलवत होत्या, लाडानं बोलत होत्या. एकटी आई हसत नव्हती. तिनं दुपटं उचलून पाहिलं. मग ती सरळ झाली, डोळे बारीक करून इकडं तिकडं बघू लागली, हरवलेलं काही शोधावं तशी, आणि तिनं हाक मारली.

"गुंजन."

ती थांबली. ओटीवरचा सगळा गलका जणू तिला ऐकूच येत नव्हता.

"गुंजन."

मग तिनं कॅमेऱ्याकडं पाहिलं, आणि चित्र तिथंच गोठलं. तिसरी हाक आलीच नाही.

वल्लरीनं मागं वळून पाहिलं. सोफ्यावर दुधाचा पेला होता. गुंजन नव्हती.

६

ती स्वयंपाकघरात गेली, सोफ्यामागं पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. मागचं दार आतून बंद होतं. बैठकीचं जिन्याकडचं दार अर्धवट लोटलेलं होतं. त्याला दुधी काच होती, आणि काचेपलीकडं अंधार होता. कुणी जिन्यावर गेलं असतं तर दिवा लागला असता, असं तिला वाटलं. मग तिला आठवलं की गुंजनसाठी तो लागत नाही.

"गुंजन," तिनं हाक मारली.

"ओ."

उत्तर लगेच आलं, वरून, माळ्याच्या बाजूनं. गुंजनचाच आवाज होता. वल्लरी एक पाऊल पुढं टाकून थांबली. पाच मिनिटांपूर्वी तिनं पोरीला बजावलं होतं, तिसऱ्या हाकेशिवाय बोलायचं नाही. आणि गुंजननं जन्मात कधी 'ओ' म्हटलं नव्हतं.

त्याच वेळी तिच्या उजव्या हातात एक हात शिरला.

लहान हात. गरम, दुधानं किंचित चिकट. अंगठ्यावर पट्टी होती, तिची मळकी कड तळव्याला लागत होती. वल्लरीनं खाली पाहिलं. खाली कुणी नव्हतं, नुसती फरशी होती आणि तिची स्वतःची पावलं. हातातला हात थरथरत होता. तिनं तो घट्ट धरला. तिला ओरडायचं होतं, पण ओरडली तर हात सुटेल असं वाटलं.

दुधी काचेच्या पलीकडं, अगदी वर, एक दिवा लागला.

"आई," वरून हाक आली.

वल्लरी गप्प राहिली. ओठ दातांखाली धरले. एकदा मारली, गप्प.

पायऱ्यांवर पावलं वाजली, सावकाश, एकेक पायरी मोजत उतरावं तशी. मधला दिवा लागला.

"आई."

दुसऱ्यांदा मारली तरी गप्प. हातातली बोटं आता तिला मागं, मागच्या दाराकडं ओढत होती. जायला हवं होतं. तिला कळत होतं की जायला हवं. पण मागचं दार उघडायला दोन्ही हात लागायचे, म्हणजे हा हात सोडावा लागणार होता.

मग तिला समजलं, आपण काय केलं ते. नियम तिनं गुंजनला या खोलीत सांगितला होता, मोठ्यानं, नीट समजावून. ऐकणारी गुंजन एकटी नव्हती.

खालचा दिवा लागला. अर्धवट दाराच्या फटीत शेवटची पायरी उजळली, आणि पायरीवर दोन पाय दिसले, जांभळे मोजे घातलेले. गुंजन आज सकाळी तेच मोजे घालून गेली होती. पण ते उलटे घातले होते, टाच वर, पायाच्या पुढच्या बाजूला, जणू कुणी ते प्रथमच घालून पाहिले होते.

"आईऽऽ."

तिसरी हाक शेवटाला लांब गेली, चिपळूणच्या ओटीवरून यायची तशीच. अडतीस वर्षांची सवय. वल्लरीनं डाव्या हातानं तोंड दाबलं. उशीर झाला होता.

तिच्या तोंडून ओ गेली.

लॅपटॉपमधून उतरता आवाज आला, टाँग-टिंग. काही काढून घेतलं की येतो, तो. उजव्या हाताची मूठ रिकामी मिटली. तिनं ती उघडली तेव्हा तळव्याला जिराफाची पट्टी चिकटलेली होती, अजून गरम.

दार ढकललं गेलं. जिन्यावरचे तिन्ही दिवे लख्ख लागलेले होते.

७

रविवारी लोक आले. बुइटनव्हेल्डर्टहून तिची मैत्रीण सुमेधा आली होती, मुलाला, निहारला घेऊन. आईच्या फोटोपुढं निरांजन लावलं, खीर झाली, वडे झाले. डीव्हीडीचं काय झालं, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा वल्लरीनं सांगितलं की ड्राइव्ह सापडत नाही. ते खरंच होतं.

"तुझी गुंजन मात्र कमाल आहे हं," सुमेधा म्हणाली. "मला म्हणाली, 'काकू, अजून एक वडा वाढू का?' इतकं स्वच्छ मराठी. आमचा निहार पाणीसुद्धा मराठीत मागत नाही."

शिरीषचा चेहरा फुलला होता. शुक्रवारी रात्री तो आला तेव्हा लेकीनं दार उघडून "बाबा, दमलात का?" असं विचारलं, तेव्हापासून तो हवेतच होता. "आईंच्या वर्षाला हे व्हावं," तो ज्याला त्याला सांगत होता. शुक्रवारी रात्रीच वल्लरीनं त्याला पोरीचा अंगठा दाखवला होता. गुळगुळीत, कुठं ओरखडासुद्धा नाही. "भरली ना जखम," तो म्हणाला होता. "पोरांचं पटकन भरतं." मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं आणि सोमवारी डॉक्टरांची वेळ घेऊ म्हणाला, तुझ्यासाठी.

ती पोर सोफ्यावर बसली होती, सगळ्यांच्या मध्ये. जो येईल त्याच्याकडं बघून हसत होती, आणि एका हाकेत उत्तर देत होती.

जेवणं चालू असतानाच वल्लरी उठली. लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं आणि ओट्यावर तो उघडला. ब्लाउजमध्ये एका चिठ्ठीत गुंडाळून ठेवलेली पट्टी तिनं हातात धरली. डिव्हाइस मॅनेजर. स्कॅन.

काही नाही. बाहेर लोक हसत होते.

तिनं पुन्हा दाबलं. काही नाही. गुणाची माझी पोर, ती मनात म्हणाली. सांगितलेलं लक्षात ठेवते.

तिसऱ्यांदा दाबताना तिचं बोट बटणावर क्षणभर थांबलं. मग तिनं दाबलं, आणि श्वास रोखून, डोळे मिटून ऐकत राहिली.

वरून, माळ्याच्याही पलीकडून, खूप बारीक आवाज आला.

"या, आई?"